नीरेच्या नावे एक खाते

वैशाखाच्या अखेरीस नीरा उजव्या कालव्याचे उन्हाळी आवर्तन चालू असताना त्याच्या भरावावर उगवतीकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे माळशिरस तालुक्याचे सारे अर्थशास्त्र एका दृष्टिक्षेपात उकलते. पायाशी कालवा तुडुंब, गढूळ पण वेगवान. उजव्या हाताला, जिथे पाणी चढू शकत नाही त्या माळावर, पिवळे पडलेले कुसळी गवत आणि पिलीवच्या दिशेने चढत गेलेला कोरडा उतार. डाव्या हाताला उसाचा हिरवागार पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या पलीकडे, काही मैलांवर, जिच्या नावाने हा सारा संसार उभा राहिला ती नीरा, जागोजागी बंधाऱ्यांच्या डोहांत अडलेली आणि मधल्या टप्प्यांत वेड्या बाभळीच्या व काळ्या खडकाच्या ताब्यात गेलेली. अशाच एका सकाळी फाट्याच्या दारापाशी पाळीपत्रक मांडीवर घेऊन बसलेल्या एका जुन्या पाटकऱ्याला मी सहज विचारले, "नाना, सगळ्यांना वाटून झाल्यावर नदीला किती सोडता?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि थट्टेचा लवलेशही सुरात न आणता उत्तर दिले, "नदीचा सात नंबर फॉर्म कुठं आलाय, गुरुजी?"

ज्यांचा पाटाच्या पाण्याशी कधी संबंध आला नाही अशा वाचकांसाठी सांगितले पाहिजे की, कालव्याचे पाणी हवे असलेल्या बागायतदाराने हंगामाच्या आरंभी पाटबंधारे खात्याकडे जो मागणी अर्ज करावयाचा, तो नमुना नंबर सात. खातेदाराचे नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र, मागची पाणीपट्टी भरल्याची खूण, एवढे त्यात असले की अर्जदार शेजपाळीच्या यादीत चढतो आणि त्याच्या शेतावर पाणी येण्याचा दिवस व घटका मुक्रर होते. ज्याचा अर्ज नाही त्याला पाळी नाही. पाटकरी नानांच्या उत्तरात कायद्याचे जे मर्म होते ते पुण्या-मुंबईच्या परिसंवादांतून मी ऐकलेल्या अनेक व्याख्यानांत नव्हते. नीरा ही नीरेच्या पाण्याची खातेदार नाही. आणि जी खातेदार नाही तिच्याशी कुणी करार करीत नाही, तिला कुणी नोटीस देत नाही, तिची हरकत कुणी नोंदवून घेत नाही.

आपल्या तालुक्यात पाण्याविषयीच्या करारांची वानवा आहे असे मात्र कुणी समजू नये. धरणाचे पाणी कोणत्या कालव्याला किती, याचा एक ठराव. पाणी वापर संस्था आणि कालवा अधिकारी यांच्यातला एक करारनामा. साखर कारखान्यांना व त्यांच्या आसवन्यांना पाणी उचलण्याची एक परवानगी आणि वापरलेले पाणी सोडण्याविषयीचे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे एक संमतीपत्र. नदीपात्रातील वाळूच्या गटांचा लिलाव आणि त्याच्या पोटातील अटी-शर्तींची एक जाडजूड चळत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे घालण्याचा व काढण्याचा मक्ता. यांपैकी बहुतेक दस्तऐवजांत पर्यावरणाविषयी काही ना काही लिहिलेले असते, आणि ते लिहिणाऱ्याची भाषा कित्येकदा अत्यंत निर्दोष असते. उणीव आहे ती निराळ्या ठिकाणी. प्रत्येक करारात देणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष आहेत. शर्त मोडली तर दुखावला जाणारा जो तिसरा, तो या कागदांवर सहीपुरताही उपस्थित नाही.

शर्तीने नदीचे व मातीचे रक्षण करता येते, ही कल्पना नीरेच्या खोऱ्याला नवी नाही. किंबहुना ती येथेच घडली असे म्हणण्यास जागा आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच्या काठच्या काळ्या जमिनींतून मीठ फुटू लागले. डॉ. हॅरोल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींविषयीची आपली पत्रिका १९१० साली मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातर्फे प्रसिद्ध केली, तेव्हा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरसपर्यंत यावयाचे होते. म्हणजे आजार आमच्या दारी येण्यापूर्वीच त्याचे निदान शेजारच्या घरी छापून तयार होते. त्याच सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी या खोऱ्यात ब्लॉक पद्धत रूढ केली. सरकारने ठरावीक वर्षांसाठी ठरावीक क्षेत्राला पाण्याची हमी द्यावी, आणि बागायतदाराने त्या क्षेत्राच्या एक तृतीयांशावरच ऊस लावून उरलेल्या भागात हंगामी पिके घ्यावीत व उसाची जागा फिरती ठेवावी, असा तो उभयपक्षी करार होता. त्यातील एक तृतीयांशाची शर्त महसुलाच्या हिशेबातून आलेली असली तरी तिचा गुण मातीला मिळत होता. वर्षभर भिजणारी जमीन पुढली दोन वर्षे श्वास घेत होती. पाणी देण्याच्या कागदातच पाण्याच्या दुष्परिणामाची लगाम गुंतवावयाची, ही त्यातली खरी दृष्टी, आणि तिला शंभर वर्षे उलटून गेली तरी तिची पुढली पायरी आपण बांधलेली नाही.

लॉइड धरण, म्हणजे आजचे भाटघर, १९२७-२८ च्या सुमारास पुरे झाले, आणि त्या पाण्याच्या भरवशावर उजव्या कालव्याने फलटण ओलांडून माळशिरसच्या ओसाड माळांत प्रवेश केला. त्यानंतरच्या दशकात सासवडकडच्या माळी बागायतदारांनी येथे येऊन माळीनगर वसविले आणि स्वतःच्या भांडवलावर कारखाना काढला; श्रीपूर, सदाशिवनगर, यशवंतनगर ही नावे त्याच पाण्यातून उगवली. या कर्तृत्वाविषयी माझ्या मनात आदराखेरीज दुसरी भावना नाही, कारण दुष्काळी तालुका म्हणून ज्याची सरकारी दफ्तरात नोंद होती त्याच्या पोटी सहकाराची एवढी मोठी घडी बसविणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण कालव्याखालच्या एखाद्या सखल रानात पौषातल्या पहाटे जाऊन पाहावे. ढेकळांच्या कडांवर पांढुरका थर आलेला असतो, बोटाने उचलून जिभेला लावला तर तुरट-खारा लागतो. उसाची बेटे विरळ होत होत मध्ये एक टक्कल पडलेले असते आणि बांधालगतच्या निचऱ्याच्या चरात लव्हाळा माजलेला असतो. "रान पाझरलंय" एवढ्या दोन शब्दांत शेतकरी त्याची वासलात लावतो. पाणी देण्याचा करार आहे, पाणी काढून नेण्याचा नाही. चर कुणी उपसावा याविषयी शेजारी शेजाऱ्याकडे बोट दाखवितो आणि दोघे मिळून खात्याकडे. उपसलेला चर शेवटी नीरेलाच मिळतो, आणि शेतातले मीठ, खत, औषध यांचा जो अर्क तो सोबत नेतो त्याचा जमाखर्च कुठल्याच वहीत नाही.

आता वाटपाच्या गणिताकडे वळू. नीरा खोऱ्यात भाटघरचा उपयुक्त साठा साडेतेवीस टीएमसी, नीरा-देवघरचा पावणेबारा टीएमसीच्या आसपास आणि वीरचा सुमारे साडेनऊ. पैकी नीरा-देवघर धरण भरू लागले, पण त्याचे स्वतःचे कालवे अपुरे राहिल्यामुळे तेथील शिलकी पाणी वीरमार्गे कुणाला द्यावयाचे, हा वाद गेली दोन दशके बारामती-इंदापूर आणि फलटण-माळशिरस-सांगोला या दोन पंगतींत चालू आहे. २००७ साली डाव्या कालव्याला साठ आणि उजव्याला चाळीस टक्के असे ठरले. त्या कराराची मुदत एप्रिल २०१७ मध्ये संपली. मुदत संपूनही पाणी जुन्याच वाटेने जात राहिले म्हणून आमच्याकडून ओरड झाली. २०१९ च्या जूनमध्ये सरकारने ते उजव्या बाजूला वळविण्याचा आदेश काढला. आणि पुढील वर्षी, सरकार बदलल्यावर, डाव्याला पंचावन्न व उजव्याला पंचेचाळीस असे नवे प्रमाण मंत्रिमंडळाने मान्य केले. या प्रकरणात माळशिरसकर या नात्याने मी उजव्या काठाचा आहे हे कबूल करून टाकतो, आणि मुदत संपलेल्या कराराच्या आधारे वर्ष-दोन वर्षे पाणी वाहते राहावे यासारखी कारभाराची ढिलाई दुसरी नाही असेही म्हणतो. परंतु तो वाद क्षणभर तहकूब ठेवून केवळ बेरीज पाहावी. साठ आणि चाळीस शंभर. पंचावन्न आणि पंचेचाळीस शंभर. पक्ष बदलले, मंत्री बदलले, काठ बदलला. शंभरातून नदीसाठी एक टक्कादेखील बाजूला काढावा असे ना या काठच्या पुढाऱ्याच्या तोंडून निघाले ना त्या काठच्या.

नदीला पावसाळ्यात सांडव्यावरून मिळते तेवढे पुरे आहे, असे यावर उत्तर येते. ते मिळते हे खरे. पण जे कुणाला अडविता आले नाही ते नदीचे, या न्यायाने नदीचा वाटा म्हणजे केवळ आपल्या असमर्थतेचे माप ठरते, आणि सामर्थ्य वाढेल तसा तो आटतो. उद्धटजवळ नीरेचे पाणी उचलून सुमारे चोवीस किलोमीटरच्या बोगद्याने उजनीच्या फुगवट्यात टाकावयाची नीरा-भीमा जोडयोजना याच पुराच्या पाण्यावर नजर ठेवून आखलेली आहे. ते पाणी मराठवाड्यासाठी आहे, आणि तिकडच्या तहानेविषयी माळशिरसच्या माणसाने कुरकुर करणे शोभणार नाही. आमचेच आजे-पणजे टँकर नव्हते त्या काळी दुष्काळात देशोधडीला लागलेले आहेत. माझा मुद्दा एवढाच की बोगद्याच्या मुखाशी नदीत किती वाहते राहिले म्हणजे मग पाणी उचलावयाचे, ही रेषा करारात आकड्याने लिहिलेली असली पाहिजे, आणि ती काठावरच्या माणसाला दिसेल अशा खांबावर रंगविलेली असली पाहिजे.

वर्षातून एकदाच नदीसाठी म्हणून पाण्याची याचना होते, ती आषाढात. तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम सराटीला पडतो, सकाळी पादुकांना नीरास्नान घडते आणि मग पूल ओलांडून सोहळा अकलूजला, सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करतो. त्या काळात पात्रात पाणी असावे म्हणून अर्ज-विनंत्या होतात, अधिकारी धावपळ करतात. पंढरीत चंद्रभागेसाठी उजनीतून पाणी सोडले जाते. भक्तीच्या दडपणाखाली का होईना, नदी वाहती ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे त्या चार दिवसांत सर्वांना मनोमन पटलेले असते, आणि तेवढ्या पाण्यापायी कुणाचा ऊस वाळल्याचे ऐकिवात नाही.

पाण्याची ही कथा झाली. वाळूची त्याहून करुण आहे. वाळू म्हणजे नदीची साठवण. ज्यांनी लहानपणी पात्रात हाताने झिरा उकरून, गढूळपणा खाली बसेपर्यंत दम धरून, ओंजळीने पाणी प्यायले आहे त्यांना हे शास्त्र शिकवावे लागत नाही. चैत्र-वैशाखात वरचे पाणी आटले तरी वाळूच्या पोटातील ओल काठच्या विहिरींना आणि गावच्या नळपाणी योजनेला पोसत असे. महसूल खात्याच्या लेखी मात्र ती गौण खनिज. गौण हा शब्द ज्याने निवडला त्याने विहिरीचे पाणी कधी शेंदले नसावे! या गौण वस्तूचे मोजमाप ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांनी, होते, आणि तिच्या लिलावाच्या अटी वाचाव्यात तर मन प्रसन्न होते. सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर उत्खनन करू नये. पात्रात यंत्र उतरवू नये. ठरविलेल्या खोलीखाली आणि पाण्याच्या पातळीखाली जाऊ नये. पूल, बंधारे, पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून अंतर राखावे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने गट आधी पाहावा. ग्रामसभेचे मत घ्यावे. वाहतूक पासाविना गाडी हलवू नये. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात, पाच हेक्टरांच्या आतील लहान गटांनासुद्धा पर्यावरण अनुमतीवाचून उत्खनन करता येणार नाही असा दंडक घातला, कारण मोठे पात्र लहान तुकड्यांत वाटून कायद्याच्या चाळणीतून निसटण्याची युक्ती देशभर रूढ झाली होती. त्यानंतर २०१३ ची नियमावली आली, २०१८ चे धोरण आले. २०२३ साली लिलाव बंद करून सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचा प्रयोग झाला. २०२५ साली तोही गुंडाळून स्वारी पुन्हा लिलावावर आली. धोरणांचे आयुष्य आता एका उसाच्या खोडव्याएवढे उरले आहे.

एवढे सगळे लिहिलेले असताना पात्रात काय दिसते? भीमेच्या आणि नीरेच्या काठच्या कुठल्याही गावच्या गुराख्याला विचारा. तो तुम्हांला खड्डे दाखवील, ज्यांच्या खोलीचा अंदाज पोहणाऱ्यालाही येत नाही. वाळूच्या जागी उघडी पडलेली चिकणमाती दाखवील. आणि बंधाऱ्याच्या खांबांपायीचा आधार निघून गेल्याने पाण्याने कुठून वाट काढली तेही दाखवील. खोलीची शर्त मोडली हे सिद्ध करावयाचे तर आधीची पातळी आणि नंतरची पातळी यांची वजाबाकी हवी. आधीची मोजणी होते, कारण तिच्यावर लिलावाची हातची किंमत ठरते. नंतरची मोजणीही कागदावर आहे. परंतु तिच्यावर कुणाचेच उत्पन्न अवलंबून नाही, आणि ज्या मोजणीवर उत्पन्न अवलंबून नाही ती आमच्याकडे पहिला पूर येईपर्यंत लांबते, आणि पूर आला की पुरावाच वाहून जातो. अवैध उत्खननाला बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमात आहे. तो दंड सरकारजमा होतो. ज्याची विहीर हातभर खाली गेली त्याला त्यातून पोहऱ्याचा दोरही मिळत नाही.

तलाठ्याला आणि मंडळ अधिकाऱ्याला याचा दोष देण्याची एक सोपी रीत वृत्तपत्रांत पडून गेली आहे. मी तिच्यात सामील होऊ इच्छीत नाही. रात्री दोन वाजता, हातात बॅटरीखेरीज काही नसताना, बिगर नंबराच्या गाडीपुढे उभ्या राहणाऱ्या सरकारी नोकराचे धैर्य गृहीत धरून ज्या कराराची अंमलबजावणी आखलेली असते, तो करार लिहिणाऱ्यानेच तिचा विचार अर्ध्यावर सोडलेला असतो.

एका गमतीचा उल्लेख येथे ओघाने करतो. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले, त्यांत कर्नाटक-तेलंगणाकडील भीमेचाही एक भाग आहे. त्या नदीवर माल वाहून नेणारी गलबते चालतील ही कल्पना नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर होडी वल्हविणाऱ्या माणसाला सांगितली, तर उन्हाळ्यात स्वतःची होडी तो कशी ओढत नेतो ते त्याने दाखविले असते. पण या घोषणेतून सरकारी दृष्टीचा एक नमुना मिळतो. पाटबंधारे खात्याला नदी हा साठा दिसतो, महसूल खात्याला खनिज, जलमार्गवाल्यांना रस्ता, आणि काठच्या नगरपालिका व कारखाने यांना, त्यांनी कितीही नाकारले तरी, उतार असलेले गटार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तिच्यात ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्राचे होते, आणि भीमा व नीरा ही दोन्ही नावे तिच्यात आहेत. ज्यांनी त्यांनी आपापल्या दृष्टीने आपापले करार केले. कुणाचाही करार दुसऱ्याच्या कराराला विचारीत नाही.

करार कायदा १८७२ चा. त्याच्या आश्रयाने जी रीत दृढ झाली तिच्यानुसार करारात जो पक्ष नाही त्याला त्या कराराच्या आधारे सामान्यतः दाद मागता येत नाही. दोन व्यापाऱ्यांमधील सौद्याला हे ठीक आहे. पण नदीच्या सौद्यात त्रयस्थ म्हणजे खालच्या अंगाचे प्रत्येक गाव. त्याला दरवाजा बंद करून ठेवावयाचा आणि मग नदीप्रेमाच्या दिंड्या काढावयाच्या, यात विसंगती आहे. न्यायालयांनी अधूनमधून हा दरवाजा किलकिला केला आहे. हिमाचलात बियास नदीच्या काठची सरकारी जमीन एका खासगी विश्रामगृहाला भाडेपट्ट्याने दिली गेली, आणि त्यांनी आपल्या इमारती वाचविण्यासाठी नदीचा प्रवाहच वळविला. तेव्हा डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पट्टा रद्द करून सांगितले की, नदीसारख्या गोष्टींचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला ठेव विकता येत नाही. तत्त्व उत्तम आहे. परंतु दर वाळूगटासाठी दिल्ली गाठणे कोणत्या शेतकऱ्याला परवडणार?

काहींना यावर उपाय वाटतो तो नदीला कायद्याने व्यक्ती मानण्याचा. उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनांना तसे मानले, आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. न्यूझीलंडने मात्र त्याच साली वांगानुई नदीला हा दर्जा विधिमंडळाच्या कायद्याने दिला. मला ही वाट आपल्यासाठी लांबची आणि थोडी दिखाऊ वाटते. एवढे दूर जाण्याची गरजही नाही, कारण आमच्या गावोगावच्या सातबाऱ्यावर अमूर्त खातेदार केव्हाचे बसलेले आहेत. देवाच्या नावे इनाम जमीन असते. खातेदाराच्या रकान्यात देव, आणि त्याखाली वहिवाटदाराचे नाव. देव स्वतः कचेरीत येत नाही, पण त्याचा बांध कुणी कोरला तर वहिवाटदार फिर्याद लावतो, आणि मामलेदाराला ती ऐकावी लागते. देवाला जे साधले ते नीरेला का साधू नये?

ऑस्ट्रेलियात मरे आणि डार्लिंग या नद्यांच्या खोऱ्यात दीर्घ दुष्काळानंतर नेमके हेच केले गेले. २००७ च्या जल कायद्याने तेथे एक अधिकारी नेमला, ज्याच्या नावावर पर्यावरणासाठीचे पाण्याचे हक्क असतात; हे हक्क शेतकऱ्यांच्या हक्कांच्याच जातीचे, त्याच नियमांनी मिळणारे व टंचाईत त्याच प्रमाणात कमी होणारे. नदीला दया दाखवून पाणी सोडले जात नाही. ती आपल्या खात्यावरचे पाणी मागून घेते. तेथेही भांडणे आहेत, शेतकऱ्यांचा रोष आहे, हे सांगितले नाही तर ते अर्धसत्य होईल. पण भांडण आकड्यांवर होते.

आमच्याकडे त्याची चौकट अर्धी तयार आहे. २००५ साली महाराष्ट्राने दोन कायदे केले: एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापून पाण्याची हक्कदारी ही संज्ञा आणली, दुसऱ्याने पाणी वापर संस्थांना घनमापनाने ठोक पाणी देण्याचा आणि त्यासाठी करार करण्याचा मार्ग घातला. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी हे मोजून घेण्याचे काम चोख करून दाखविले आहे, आणि तेथे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाला पाणी पोचते. या चौकटीत एक खातेदार वाढवावयाचा आहे. वीर धरणाखाली नीरेच्या नावाने एक हक्कदारी. तिचा वहिवाटदार म्हणून खालच्या अंगाच्या ग्रामपंचायतींनी मिळून निवडलेला माणूस. वाळूच्या प्रत्येक लिलावात ठेकेदाराच्या अनामतीचा एक भाग त्याच्या सहीवाचून परत न मिळण्याची शर्त. आणि उत्खननानंतरची मोजणी पहिल्या पुरापूर्वी, गावचावडीवर, लोकांसमक्ष. अनामत अडकली की ठेकेदार स्वतःच मोजणीसाठी कचेरीचे उंबरठे झिजवील, आणि जे काम तलाठ्याच्या धैर्यावर सोपविले होते ते ठेकेदाराच्या गरजेवर येईल. संमतीपत्राच्या शर्तींनाही हेच लागू आहे. सांडपाण्याचे माप आणि तपासणीचे निकाल ज्या गावच्या नाल्याने ते पाणी जाते त्या गावच्या चावडीवर लागले, तर बंधाऱ्यातले मासे पालथे होण्याच्या आधी कुणाच्या तरी ते ध्यानात येईल.

यावर माळशिरसच्या चौकात जो आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. "आमचं पिलीवकडं प्यायला पाणी नाही, टेलला आवर्तन पोचत नाही, आणि तुम्ही नदीला पाणी सोडायला निघालात!" ज्या गावांपर्यंत नीरा-देवघरचा कालवा आश्वासनांवाचून दुसऱ्या कशाने पोचलेला नाही, त्यांच्यापुढे नदीच्या हक्काची भाषा करताना माझी जीभ जड होते. पण त्या गावांचे पाणी नदीने नेलेले नाही. ते नेले आहे बारमाही उसाच्या मोकाट भिजवणीने, गळक्या फाट्यांनी, आणि ब्लॉकमधल्या एक तृतीयांशाच्या शर्तीच्या आपल्याला पडलेल्या विसराने. नदीचा हिस्सा लिहिला गेला तर उरलेल्याची मोजदाद काटेकोर होईल, आणि मोजदाद काटेकोर झाली की तिचा पहिला लाभ टेलला होतो. वाघाडला तो झाला आहे. शिवाय नदीत सोडलेले पाणी नाहीसे होत नाही. ते काठच्या विहिरींत मुरते, बंधाऱ्यांतली घाण पुढे ढकलते आणि नरसिंहपुराखाली भीमेला मिळून पंढरपूरपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडते.

रब्बीच्या आवर्तनापूर्वी नीरा खोऱ्याची कालवा सल्लागार समिती भरते. तालुक्याचे आमदार तीत बसतात, पाटबंधाऱ्याचे अधिकारी साठ्याचे आकडे वाचतात, आणि आवर्तनांच्या तारखा ठरतात. त्या बैठकीच्या आधी काठच्या कुठल्याही एका ग्रामपंचायतीने सात नंबरचा एक कोरा फॉर्म घ्यावा, खातेदाराच्या जागी ‘नीरा नदी’ असे लिहावे, पिकाचा रकाना मोकळा सोडावा, आणि शाखा कचेरीत देऊन त्याची पोच घ्यावी. अर्ज फेटाळला जाईल हे मला ठाऊक आहे. फेटाळण्याचे कारण मात्र कुणा तरी अधिकाऱ्याला सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे लागेल, आणि तेवढा कागद हाती आला की पुढची दाद मागता येईल.